पाणी तापलं की आमचे गळ थांबवा: स्कॉटलंडच्या सॅमन नद्यांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
स्कॉटिश सरकारमध्ये मत्स्य खातं बघणारे मंत्री आणि अधिकारी,
सॅमन नद्यांची जिल्हा मंडळं,
आणि नदीकाठच्या बीटचे (मासेमारीसाठी पाडलेल्या नदीच्या तुकड्यांचे) मालक

स.न.वि.वि.

मी अ‍ॅबरडीनला राहते. फेब्रुवारी ते ऑक्टोबर, जमेल तेव्हा डी नदीवर सॅमन माशाला गळ टाकते. आणि तरीही हे पत्र मी एकाच मुख्य मागणीसाठी लिहितेय, की उन्हाळ्यात नदीचं पाणी ठराविक तापमानाच्या वर गेलं की आम्हाला मासेमारी करू देऊ नका. कायद्याने थांबवा. सल्ला नको, "अँगलर्सनी (म्हणजे गळ टाकणाऱ्यांनी) तारतम्य बाळगावं" असला बोर्ड नको, सरळ बंदी हवी.

इंग्रजीतली प्रत तुम्हाला वेगळी पाठवतेय. मराठीत लिहायचं कारण एवढंच की तेल आणि गॅसच्या नोकऱ्यांमुळे अ‍ॅबरडीनला आलेली बरीच मराठी घरं आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघरातल्या नळाला जे पाणी येतं ते याच नदीचं. 1866 साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते बँकरीजवळची योजना सुरू झाली तेव्हापासून हे शहर डीचं पाणी पितंय. आपण रोज ज्या नदीचा चहा करतो तिच्यात काय चाललंय ते माहीत असायला नको का? आणि तिकडे कोकणातले, पुण्यामुंबईतले वाचणार असतील तर त्यांनाही कळू दे, कारण इथला मासा म्हटलं की लोकांना सुपरमार्केटमधला गुलाबी तुकडाच आठवतो, तो जवळजवळ नेहमी पिंजऱ्यात वाढवलेला असतो, नदीतला नाही. इथे गळाने पकडलेला सॅमन विकायलाच 2002 पासून बंदी आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डी नदी केर्नगॉर्मच्या डोंगरात, ब्रेरियाख नावाच्या पठारी डोंगरावर साधारण 1200 मीटर उंचीवर उगवते आणि ब्रेमार, बॅलटर, अबॉइन, बँकरी करत अ‍ॅबरडीनला समुद्राला मिळते. हिच्यावर सॅमनचा सीझन 1 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 ऑक्टोबरला संपतो. रविवारी गळ टाकायचा नाही, हे अख्ख्या स्कॉटलंडला लागू. नदीचे तुकडे पाडलेले असतात, एकेका तुकड्याला बीट म्हणतात, मासे धरायचा हक्क त्या बीटच्या मालकाचा, त्याची लेखी परवानगी घ्यायची, पैसे भरायचे आणि मग उतरायचं. बीटवर गिली असतो, म्हणजे नदीचा जाणकार माणूस, कुठला दगड पाण्याखाली किती आहे, मासा कुठल्या धारेत थांबतो, आज गळाला कुठली खोटी माशी बांधायची, सगळं त्याला ठाऊक. मी जे शिकले ते अशा लोकांकडून शिकले.

फेब्रुवारीत रॉडच्या, म्हणजे गळाच्या काठीच्या, कड्यांमध्ये बर्फ धरतो, दर चार-पाच वेळा गळ फेकला की बोटांनी फोडून काढावा लागतो, वेडर्समधून, म्हणजे पाण्यात उभं राहायच्या जलरोधक पँटमधून, थंडी हाडात शिरते, आणि बऱ्याचदा गळाला लागतो तो केल्ट, म्हणजे अंडी घालून झालेला, वाळलेला, लांबुडका मासा, तो कायद्याने सोडायचाच असतो. मग मार्च-एप्रिलमध्ये समुद्रातून ताजा, चांदीसारखा चकचकणारा स्प्रिंग सॅमन यायला लागतो, त्याच्यासाठीच डीचं नाव जगभर आहे. त्याच सुमाराला, एप्रिल-मे मध्ये, बोटाएवढी स्मोल्ट नावाची पिल्लं उलट दिशेने, समुद्राकडे निघालेली असतात. दोन-तीन वर्षं नदीत वाढलेली ही पिल्लं नॉर्वेचा समुद्र, ग्रीनलंडपर्यंत जातात आणि त्यातली जी जगतात ती एक ते तीन हिवाळे समुद्रात काढून याच नदीत, आपल्या जन्माच्या उपनदीपर्यंत परत येतात. नदीत शिरल्यावर मासा खाणं बंद करतो. मार्चमध्ये आलेली मादी थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंडी घालते, तोपर्यंत सात-आठ महिने अंगातल्या चरबीवर काढायचे, पोटात गाभोळी वाढवायची आणि त्यात आमच्यासारख्यांच्या गळांना तोंड द्यायचं. बँकरीजवळ फ्यूख नदीच्या पुलावर शरदात उभं राहिलं की हेच मासे धबधबा चढताना दिसतात, आपटतात, परत उडी मारतात.

हे सगळं मला किती प्रिय आहे ते मी अजून लिहू शकते, पण पत्राचा विषय जुलै आहे.

एका गरम आठवड्यात मी एका बीटवर होते. नाव घेत नाही, कारण असं त्या एकाच ठिकाणी होतं असं नाही. पाऊस नाही, नदी उतरलेली, दगडांवर वाळलेलं शेवाळ. माझ्याकडे दोरीला बांधलेला थर्मामीटर असतो, सकाळी पाण्यात धरला तर 21 अंश. मी व्यवस्था बघणाऱ्यांना विचारलं की आज बंद ठेवायचं का, तर उत्तर आलं की आठवड्याचं बुकिंग आहे, पैसे परत मिळत नाहीत, ज्याला थांबायचंय त्याने थांबावं. मी रॉड मिटवून बाकावर बसले. माझ्या खालच्या डोहात एका वयस्कर गृहस्थांना मासा लागला. आठ-नऊ पौंडाची मादी असेल. त्यांनी काय करायला नको होतं असं काहीही केलं नाही, गळाच्या टोकाला उलटा काटा नव्हता, लवकर जवळ घेतली, हात ओले करून धरली, पाण्याबाहेर काढलीच नाही, तोंड धारेकडे करून दोन्ही हातांनी आधार देत उभे राहिले. मी जाऊन बघितलं. कल्ले उघडत होते पण किती हळू, मधेच थांबायचे, आणि आतला रंग लाल नव्हता, फिकट विटकरी झाला होता. बराच वेळ गेला. मग शेपटी हलवली आणि ती गेली, गृहस्थांनी सुटकेचा श्वास सोडला. दुपारी तीच मादी शंभरेक पावलं खाली, संथ पाण्यात, पोट वर करून तरंगत होती, कल्ल्याजवळची खूण मी ओळखली. गाभोळीसकट.

बीटच्या वहीत ती नोंद "सोडला" अशीच झाली असणार. दुसरा रकानाच नाही.

आता माझ्या तक्रारी ऐका. भांडायला म्हणून लिहीत नाहीये, तुमच्यातले बरेच लोक माझ्यापेक्षा जास्त वर्षं या माशासाठी झटतायत हे मला माहितीये.

पहिली आणि मोठी तक्रार याच आकड्याची. स्कॉटलंडमध्ये रॉडने पकडलेल्या सॅमनपैकी 90 टक्क्यांहून जास्त सोडले जातात असं तुम्ही दरवर्षी जाहीर करता, आणि स्प्रिंग सॅमन तर 1 एप्रिलच्या आधी मारायलाच बंदी आहे. चांगलं आहे. डीवर तर सोडायची पद्धत 90च्या दशकापासून आहे, आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण सोडलेला म्हणजे जगलेला नाही. थंड पाण्यात नीट हाताळलेला मासा बहुतेक वेळा जगतो, हे खरंय. गरम पाण्यात गोष्ट वेगळी होते, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि नेमकं त्याच वेळी गळाशी झुंजलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. तो तुमच्या हातातून पोहत जातो आणि काही तासांनी मरतो. तुमच्या तक्त्यात तो यशस्वीरीत्या सोडलेला मासा असतो. हा तक्ता बघून मंत्री समाधान मानत असतील तर ते समाधान खोटं आहे.

आणि उन्हाळे काही जुन्यासारखे राहिलेले नाहीत. 2018 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या जवळपास 70 टक्के नद्यांमध्ये पाणी 23 अंशांच्या वर गेलं होतं, म्हणजे सॅमनच्या पिल्लांनाही त्रास होतो त्या पातळीच्या वर. हे मी नाही म्हणत, सरकारच्याच शास्त्रज्ञांनी नद्यांमध्ये तापमापकं बसवून हे मोजलं. मोजलं, छापलं, आणि गळाबद्दल नियम मात्र केला नाही. 2023 च्या शेवटी ग्रेट ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत "धोक्यात" म्हणून टाकलं गेलं, त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये रॉडला लागलेले सॅमन जेमतेम 33 हजार होते, 1952 पासून नोंदी आहेत त्यातला सगळ्यात कमी आकडा. पुढच्या वर्षी आकडा वाढला, मान्य, पण एका बऱ्या वर्षावर हुरळून जायची ही वेळ नाही. धोक्यात असलेला प्राणी, गरम पाण्यात, खेळ म्हणून दमवायला कायद्याने मोकळीक, हे मला पटत नाही, आणि मी स्वतः तो खेळ खेळते म्हणूनच पटत नाही.

तुम्ही म्हणाल की अँगलर समजूतदार असतात, स्वतःहून थांबतात. काही थांबतात. पण ज्याने वर्षभर आधी पैसे भरलेत, सुट्टी काढलीये, विमानाने आलाय, त्याच्यावर हा निर्णय सोपवणं बरोबर नाही. बीटचा माणूस म्हणतो पाहुण्याने ठरवावं, पाहुणा म्हणतो चालू नसतं तर त्यांनीच सांगितलं असतं, मंडळ म्हणतं आम्ही सल्ला दिलाय, आणि या टोलवाटोलवीत मरतो तो मासा.

बरं, थांबवता येत नाही असंही नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये पाणी आटलं तेव्हा फाइफमधल्या ईडन नदीतून शेतकऱ्यांनी पाणी उपसायचं नाही असा हुकूम निघाला. उभं पीक शेतात असताना शेतकऱ्याचा पंप बंद करता येतो, मग माझा रॉड का नाही? कॅनडात मिरामिशी नदीवर रात्रीसुद्धा पाणी 20 अंशांच्या खाली उतरत नाही असं लागोपाठ दोन दिवस झालं की मासे जिथे गारव्याला जमतात ते डोह मासेमारीला बंद करतात. नॉर्वेने 2024 च्या जूनमध्ये, ऐन सीझनमध्ये, मासे येत नाहीत हे दिसल्यावर 33 नद्या एका फटक्यात बंद केल्या. लोक चिडले, नुकसान झालं, पण सरकारने निर्णय घेतला. आमच्याकडे महाराष्ट्रात 1 जूनला होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि निदान दोन महिने समुद्रात जायचं नाही, माशांचा अंडी घालायचा काळ असतो म्हणून, आणि तिथे तर त्या मासेमारीवर कोळ्यांच्या घरची चूल पेटते, हौस नव्हे. ते लोक दरवर्षी हे सोसतात. आम्ही वर्षातले काही गरम दिवस बाकावर बसू शकत नाही?

दुसरी तक्रार सावलीची. डीच्या वरच्या खोऱ्यात, ब्रेमारच्या वर किंवा क्लूनी, गेर्न, म्यूइक या उपनद्यांच्या बाजूला जाऊन बघा, मैलोन् मैल नदीकाठी झाड नाही. शेकडो वर्षं हरणं, मेंढ्या आणि ग्राऊज नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी जाळलेला माळ, त्यातून रोपटं वर येतच नाही. सॅमनची पिल्लं वाढतात ती नेमकी अशाच छोट्या उघड्या ओढ्यांत, आणि पाणी तापायला सुरुवात होते ती तिथेच. डीच्या ट्रस्टने आणि मंडळाने दहा लाख देशी झाडं लावायचं ठरवलंय, बरीच लावलीत, त्यांना माझा मनापासून सलाम. पण रोपट्याला हरणापासून वाचवायला कुंपण लागतं, कुंपणाला पैसा लागतो, आणि जमीनमालक हो म्हणावा लागतो. कुठल्या ओढ्यावर झाड लावलं तर पाणी सगळ्यात जास्त गार राहील याचे नकाशे सरकारी शास्त्रज्ञांनीच केलेत. मग ज्या इस्टेटीत सॅमनचे बीट भाड्याने जातात आणि त्याच इस्टेटीत वर डोंगरावर हरणांचे कळप रोपटी खातात, तिथे झाडं लावणं ऐच्छिक का? माझ्यावर बिनकाट्याचा गळ वापर, मासा सोड, हे कर ते करू नको असे नियम आहेत आणि मी ते आनंदाने पाळते, पण नियम फक्त रॉडवाल्यालाच लावायचे कारण त्याला पकडणं सोपं असतं, असं होऊ नये.

तिसरं, मोजणीचं. दरवर्षी नद्यांना 1, 2, 3 अशी वर्गवारी देता, 3 नंबरला मासा मारायला पूर्ण बंदी. पण ही वर्गवारी मुख्यतः मागच्या पाच वर्षांत गळाला किती मासे लागले यावरून काढता. माणसं कमी आली, पाणी आटलं, पूर आला, तरी गळाला कमी लागतात, त्यावरून नदीत किती आहेत ते कसं कळणार? आणि उद्या उन्हाळ्यात मासेमारी बंद ठेवली तर आकडे अजून कमी होतील आणि मंडळांना भीती वाटेल की आपली नदी खालच्या वर्गात जाईल. ही भीती खरी आहे, म्हणून माझी मागणी त्याच्याशी जोडूनच आहे, की मोठ्या नद्यांवर मासे मोजायची यंत्रं बसवा आणि गळाच्या आकड्यावरचं अवलंबन कमी करा. माशांचा माग काढायला पैसे लागतात पण त्यातून डोळे उघडतात. 2019 साली मोरे फर्थ या ईशान्येच्या खाडीला मिळणाऱ्या सात नद्यांत 800 हून जास्त स्मोल्टना छोटे ट्रान्समीटर बसवले तर जवळपास निम्मी पिल्लं समुद्र दिसायच्या आतच नदीत गायब झालेली निघाली. लोक इतकी वर्षं सगळा दोष समुद्राला देत होते.

समुद्राचंही आहेच. तिथे गेलेल्या शंभरातली पाचसुद्धा परत येत नाहीत, आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर एकट्या स्कॉटलंडचा ताबा नाही, हे मी समजू शकते. पण पश्चिम किनाऱ्यावर समुद्रात सॅमन वाढवतात त्या उघड्या पिंजऱ्यांवर, म्हणजे फार्मवर, ताबा आहे. उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर नवीन फार्म नकोत हे धोरण 1999 पासून आहे, त्यामुळे आमच्या डीच्या तोंडाशी ते नाहीत. पश्चिमेच्या नद्यांतल्या स्मोल्टना मात्र फार्मच्या उवांच्या (माशांना चिकटणाऱ्या परजीवी किड्यांच्या) मधून वाट काढत जावं लागतं. पूर्वेला जे चालणार नाही ते पश्चिमेच्या माशाने का सोसायचं, याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

गिलींचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात आधी विचारला जाईल, आणि विचारायलाच हवा. मासेमारीवर स्कॉटलंडमध्ये 4 हजारांवर लोकांचा रोजगार आहे, डीच्या काठच्या गावांत हॉटेलं, दुकानं, सगळं त्यावर चालतं. 2015 च्या डिसेंबरमध्ये पुराने बॅलटर बुडालं होतं तेव्हा या गावांनी काय सोसलं ते मी जाणते. म्हणून बंदीच्या दिवसाचा भार गिलीच्या पगारावर पडता कामा नये. मासे संपले तर गिलीची नोकरी कोण वाचवणार, हे मात्र त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी हेच सांगितलं की आम्हाला थांबवायचं असतं हो, पण आम्ही नोकर, पाहुण्याला नाही कसं म्हणणार, वरून नियम आला तर आम्ही सुटू.

तर माझ्या मागण्या अशा. ज्या दिवशी सकाळी नऊ वाजता नदीचं पाणी 20 अंश किंवा जास्त असेल त्या दिवशी त्या भागात सॅमनला गळ टाकायला कायदेशीर बंदी असावी, आणि पाणी उतरेपर्यंत राहावी. 20 ऐवजी 19 किंवा सकाळऐवजी रात्रीचा आकडा घ्यावा असं शास्त्रज्ञ म्हणत असतील तर त्यांचं ऐका, पण एक आकडा ठरवा आणि तो कायद्यात लिहा. तापमान रोज सगळ्यांना फोनवर दिसेल असं जाहीर करा, मोजणारी उपकरणं नद्यांत आधीच आहेत. बंदीच्या दिवसाचे पैसे परत देणं किंवा पुढच्या सीझनला तो दिवस देणं बीटमालकांवर बंधनकारक करा आणि गिलीचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही असं त्यातच लिहा. नोंदवहीत मासा सोडला तेव्हा पाणी किती अंश होतं तो रकाना या सीझनपासून टाका, याला तर कायदाही लागत नाही. सॅमनचा हक्क भाड्याने देणाऱ्या प्रत्येक इस्टेटीला आपल्या हद्दीतल्या ओढ्यांवर झाडं लावायचा कार्यक्रम मुदतीसह जाहीर करायला लावा, सरकारने कुंपणाचा खर्च वाटून घ्यावा. मोजणी यंत्रांसाठी पैसे मंजूर करा. आणि उन्हाळ्यात शहराला लागणारं पाणी नदीतून किती काढलं ते आठवड्याला कळू दे, म्हणजे आम्ही नळ वापरणारेही हात आखडता घेऊ.

बीटमालकांना वेगळं सांगणं एवढंच की कायदा यायची वाट बघू नका. पुढच्या वर्षीची बुकिंग घेताना त्यात एक ओळ घाला, पाणी 20 अंशांवर गेलं तर मासेमारी बंद आणि दिवस बदलून मिळेल. मी अशा बीटला जास्त पैसे द्यायला तयार आहे, आणि मी एकटी नाही.

अ‍ॅबरडीन, बँकरी, अबॉइन कुठेही राहणाऱ्या मराठी मंडळींनी, तुम्ही कधी रॉड हातात धरला नसला तरी, आपल्या भागाच्या स्कॉटिश संसदेतल्या सदस्याला दोन ओळींचा ईमेल टाका. इथे मतदार म्हणून आपलंही नाव आहे आणि ईमेलला उत्तर द्यायची इथे पद्धत आहे. मंत्र्यांकडून मला उत्तर हवंय ते 1 फेब्रुवारीच्या आत, म्हणजे नवीन सीझन उघडायच्या आधी, कारण नियम करायला वेळ लागतो आणि जुलै त्याच्यासाठी थांबत नाही.

कळावे,
डीवर गळ टाकणारी, अ‍ॅबरडीनची एक मराठी रहिवासी